तक्कू, लोणचं आणि बोर्दोची एक संध्याकाळ

‘वाइन जितकी जुनी, तितकी भारी.’ हा डायलॉग आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मारलेला असतो. ऑफिसच्या पार्टीत, कुणाच्या तरी तिसाव्या वाढदिवसाच्या कार्डावर, नाहीतर एखाद्या पन्नाशीतल्या हीरोबद्दल बोलताना. मीही मारलाय. एका लेखाचं चक्क हेडिंग केलं होतं मी ते. त्यामुळे हा कॉलम म्हणजे थोडासा माफीनामा समजा.

झालं असं की, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मी बोर्दोला गेले होते. हॉस्टेलमधली माझी रूममेट गेली सहा वर्षं तिथे नोकरी करते. तिला मी अजूनही ‘रूमी’च म्हणते. फ्रीलान्सरला सुट्टी नसते, पण बॉसही नसतो. लॅपटॉप बरोबर घेतला, दोन डेडलाइन्स खोट्या कारणांनी पुढे ढकलल्या आणि निघाले.

बोर्दो म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, गारोन नदीच्या काठावरचं गाव. गुळगुळीत ट्राम, दगडी इमारती, आणि नदीकाठी पाण्याचा एक भलामोठा पातळ आरसा, ज्यात पोरं दिवसभर पाय बुडवत असतात. रूमीचा फ्लॅट शार्त्रोन भागात. पूर्वी इथे वाइनचे व्यापारी राहायचे. इथून पिंपं जहाजात चढायची आणि इंग्लंड-हॉलंडला जायची. आता त्याच गोदामांच्या जागी कॅफे आणि फर्निचरची दुकानं आहेत.

‘शनिवारी टेस्टिंग ठेवलंय,’ रूमी म्हणाली. ‘प्रत्येक वाइन दोनदा. एक तरुण, एक म्हातारी. आणि प्लीज, तुझ्या त्या हेडिंगबद्दल आजोबांसमोर बोलू नकोस.’

आमचा ग्रुप

आजोबा म्हणजे तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे गृहस्थ. मेदोकमधल्या एका शातोच्या तळघरात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काम केलं. पिंपं धुण्यापासून सुरुवात केली आणि तळघराचे मुख्य म्हणून रिटायर झाले. त्यांना इंग्रजी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. मध्ये रूमी.

बाकी मंडळी म्हणजे शेजारचं एक फ्रेंच जोडपं, रूमीच्या ऑफिसमधली एक पोर्तुगीज मैत्रीण, आणि पीएच.डी. करणारा एक मुलगा. याला सगळे ‘नागपूर’ म्हणतात. का, ते तो तोंड उघडल्यावर कळतं. मी धरून सात.

टेबलावर पांढरीशुभ्र चादर, कारण रंग नीट बघायला मागे पांढरं लागतं. प्रत्येकासमोर दोन ग्लास, पाव, पाणी. मधोमध एक चिनी मातीचं भांडं.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘पिकदाणी,’ रूमी म्हणाली. ‘चव घ्यायची आणि थुंकायचं. नाहीतर चौथ्या वाइननंतर सगळ्याच वाइन्स छान लागतात.’

बाटल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. लेबल दिसता कामा नये. यामागे फंडा आहे. २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात याच बोर्दोच्या विद्यापीठातल्या, वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन दिली, आणि मग तीच व्हाइट, वास नसलेला लाल रंग घालून. पोरांनी लाल ग्लासाचं वर्णन करताना रेड वाइनचेच शब्द वापरले! जिथे डोळे एवढं फसवतात, तिथे लेबल काय करत असेल?

फेरी पहिली : अरे, ही तर आपली नाशिकची!

पहिली जोडी व्हाइट. एक ग्लास जवळजवळ पाण्यासारखा, किंचित हिरवट. दुसरा थेट मधाच्या रंगाचा. हा पहिला धक्का. व्हाइट वाइन वाढत्या वयात गडद होत जाते आणि रेड फिकी. मी उलटं समजत होते.

तरुण वाइन म्हणजे हिरवं सफरचंद आणि लिंबू. कडक इस्त्रीचा शर्ट घालून इंटरव्ह्यूला आलेल्या मुलासारखी. म्हातारीचा वास आधी मधाचा, मग सुकवलेल्या जर्दाळूचा, आणि तोंडात घेतल्यावर कळलं की ती गोड नाहीच! मधाचा वास आणि शेवटी आंबट झटका.

फॉइल निघालं. दोन्ही ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या वूव्रे गावच्या. एक २०२३ची, दुसरी २००५ची. द्राक्षाची जात चेनिन ब्लँक.

‘चेनिन ब्लँक? ही तर आपली नाशिकची!’ मी उत्साहात ओरडले. रूमीने भाषांतर केल्यावर फ्रेंच जोडप्यातला नवरा असा काही हसला की बस! चेनिनचं (ते लोक ‘शनँ’ म्हणतात) माहेर ल्वारचं. नाशिकला ती सासरी आलेली आहे. फरक एवढाच की आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, आणि तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

ही वाइन वीस वर्षं टिकली कशी? आजोबा म्हणाले, आंबटपणामुळे. आंबटपणा म्हणजे वाइनचा कणा. तो असेल तर वय झेपतं.

फेरी दुसरी : जोडी नसलेली

दुसऱ्या फेरीला एकच ग्लास आला. जांभळट गुलाबी, वास चेरीचा आणि थोडासा केळ्याचाही. गार केलेली. मी थुंकायचं साफ विसरले. सरबतासारखी सहज गेली खाली.

‘बोजोले,’ आजोबा म्हणाले. ‘२०२४ची.’

ल्योंच्या उत्तरेला बोजोलेचे डोंगर आहेत. तिथे गामे नावाचं द्राक्ष होतं. पुष्कळ ठिकाणी द्राक्षं आधी चिरडत नाहीत. अख्खे घड टाकीत टाकतात, आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये, दाण्याच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. त्यामुळे फळाचा वास भरपूर उतरतो आणि तुरटपणा कमी. यातलीच एक ‘बोजोले नुव्हो’. म्हणजे ‘नवी’. सप्टेंबरात तोडलेली द्राक्षं नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाटलीत हजर! १९८५पासून हाच दिवस ठरलेला आहे. त्या रात्री दुकानांबाहेर पाट्या लागतात आणि लोक रस्त्यावर येऊन पितात.

‘हिची म्हातारी जोडी कुठेय?’ नागपूरने विचारलं.

आजोबांनी खांदे उडवले. ‘बोजोलेतही काही गावं अशी आहेत, जिथली वाइन दहा वर्षं ठेवता येते. पण ही साधी. हिला जोडी नसते. हिला नोव्हेंबर असतो.’

मला एकदम आजी आठवली. उन्हाळ्यात तिच्याकडे कैरीचे दोन प्रकार व्हायचे. लोणचं, जे बरणीत भरून, वर दादरा बांधून ठेवायचं आणि मुरेपर्यंत हात लावायचा नाही. आणि तक्कू, जो किसल्या दिवशी, फार तर दोन-चार दिवसांत खायचा. आजी म्हणायची, ‘तक्कू मुरवायचा नसतो गं.’ कैरी तीच. हेतू वेगळा.

मी हे रूमीला सांगितलं, भाषांतर कर म्हटलं. ती काहीच बोलली नाही. उठून किचनमध्ये गेली. पाव आणायला, असं मला वाटलं.

फेरी तिसरी : माझ्या वयाची बाई

आता मेन कोर्स. मेदोकच्या दोन रेड, आजोबांच्या जुन्या शातोच्या. मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों, सोबत मर्लो. एक बाटली तासभर आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवलेली, म्हणजे तिला हवा लागावी. दुसरी आदल्या दिवसापासून उभी करून ठेवलेली, म्हणजे गाळ तळाशी बसावा. तिचं बूच इतकं ठिसूळ झालं होतं की साधा स्क्रू चालणार नव्हता. आजोबांनी दोन पातळ पात्यांचं एक हत्यार काढलं, ती पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवली आणि हलकेच पिळत बूच वर आणलं. कुणी बोलत नव्हतं. बाळंतपण चालल्यासारखं वातावरण!

तरुण वाइन जांभळी, शाईसारखी. तोंडात घेतली आणि जीभ ओढल्यासारखी झाली.

‘ताई, हे तर चहापत्ती उकळून ठेवल्यासारखं लागून राहिलं,’ नागपूर म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं. तेच चहात असतं, तेच कच्च्या केळ्यात. इंग्रजी पुस्तकं या चवीसाठी अर्धं पान खर्च करतात. आपल्याकडे तीन अक्षरं आहेत. तुरट. पोर्तुगीज मुलगी योग्य शब्द शोधत होती, तेव्हा मी तिला हाच शब्द शिकवला. संध्याकाळभर ती ‘तु-रट, तु-रट’ करत होती.

आणि जुनी? खरं सांगू? पहिल्या वासाला माझा पोपटच झाला. रंग विटकरी, कडेला जवळजवळ नारिंगी. वास जुन्या कपाटाचा, ओल्या मातीचा, तंबाखूच्या पुडीचा. फळ कुठेय? एवढी वाट बघून हे?

‘थांब,’ आजोबा म्हणाले. ‘तिला जरा जाग येऊ दे.’

पाच-सात मिनिटांनी परत नाक घातलं, तर मनुका. आणि तोंडात ती तुरट जीभ-ओढ गेलेली. मऊ. वर्षानुवर्षं बाटलीत पडून टॅनिनचे कण एकमेकांना धरतात, रंगाच्या कणांनाही धरतात, जड होतात आणि खाली बसतात. तो तळाचा काळा गाळ म्हणजे एकेकाळचा रंग आणि राग. वाइन मुरते म्हणजे नेमकं हे. काही नवीन येतं, पण बरंच काही जातंही.

फॉइल निघालं. तरुण २०१९ची. म्हातारी १९९६ची.

१९९६! माझंच साल. मेदोकमध्ये कॅबर्नेसाठी ते चांगलं वर्ष मानतात. म्हणजे माझ्याच वयाची बाई समोर बसली होती, आणि सगळे तिच्या वयाचं कौतुक करत होते. ‘एकोणतीस झालीस, आता बघायला हवं’ असं तिला कुणी म्हणत नव्हतं.

‘ही मी भरलेली,’ आजोबा म्हणाले. ‘या हातांनी.’

मग मतदान झालं. कुठली आवडली? चार मतं तरुण वाइनला, तीन म्हातारीला! फ्रेंच जोडपंसुद्धा फुटलं. नवरा इकडे, बायको तिकडे. आजोबांचं मत मात्र जुनीला होतं. पण लगेच म्हणाले, ‘उद्या मटण असेल तर मी तरुण उघडीन.’

आणि वय हा काही एकट्या फ्रान्सचा मक्ता नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये एक गाजलेलं टेस्टिंग झालं. लेबलं झाकलेली, परीक्षक फ्रेंच. आणि व्हाइट आणि रेड, दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या वाइन्स पहिल्या आल्या! तेव्हा टीका झाली, की या अमेरिकन वाइन्स आता ठीक आहेत, पण वय झाल्यावर बघू. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच रेड पुन्हा उघडल्या. पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे! मी हे आजोबांना सांगितलं. त्यांना अर्थातच माहीत होतं. ‘चांगली जमीन सगळीकडे असते,’ ते म्हणाले. ‘थांबणारी माणसं कमी असतात. आणि कुठे थांबायचं नाही, हे कळणारी त्याहून कमी.’

फॉइल नसलेली बाटली

आम्ही चीजकडे वळलो होतो, तेव्हा रूमी किचनमधून बाटली घेऊन आली. फॉइल वगैरे काही नाही. रंगीबेरंगी, फुलाफुलांचं लेबल. बोजोले नुव्हो, २०१९.

‘ही जोडी,’ ती म्हणाली. आधी फ्रेंचमध्ये, मग माझ्याकडे बघून मराठीत.

रूमी सप्टेंबर २०१९मध्ये बोर्दोला आली. नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी ऑफिसच्या लोकांबरोबर गेली आणि ही बाटली घेतली. पाचेक युरोंची. पहिल्या पगारातली. तिच्या बाबांना फोन करून सांगितलं, ‘तुम्ही आलात की उघडू.’ बाबांचं मे २०२०चं तिकीट होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. विमानं बंद झाली. मग, नंतर बघू, झालं. एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. तिला जाता आलं नाही. शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर.

बाटली फ्रिजवर होती. सहा वर्षं. तिला वाटत होतं, निदान ती तरी चांगली होत असेल. वाइन जितकी जुनी, तितकी भारी. नाही का?

आजोबांनी बाटली हातात घेतली. फ्रिजचा वरचा भाग म्हणजे उष्णता आणि कंप. वाइन ठेवायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण मला ते नंतर कळलं. त्यांनी बूच काढलं आणि सगळ्यांना थोडीथोडी ओतली. अगदी बाकीच्यांसारखीच, ग्लास तिरका धरून.

रंग फिक्या चहाचा. वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. तोंडात काहीच नाही. पाणचट, आंबट, आणि संपलं.

कुणी काही बोलेना. मी रूमीकडे बघत होते. तिने सगळ्यांआधी घोट घेतला होता, आणि तिला कळलं होतं.

आजोबांनी पिकदाणी उचलली आणि टेबलाखाली ठेवून दिली. मग ग्लासातली सगळी वाइन, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. ‘ही वाइन वाईट नव्हती,’ ते म्हणाले. ‘त्या नोव्हेंबरात ही फार छान होती, मुली. मला आठवतंय.’

मग आम्हीही प्यायलो. सगळ्यांनी. पोर्तुगीज मुलगी काही न कळूनसुद्धा. नागपूर पहिल्यांदाच गप्प होता.

रूमी ग्लास धुवायला आत गेली. बराच वेळ नळ चालू होता. मी उठले, तर आजोबांनी हाताने खूण केली. बस. मी बसले.

आणि मग

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर किचनच्या खिडकीत ती बाटली. धुऊन स्वच्छ केलेली, लेबल तसंच, आत पाणी आणि मनी प्लांटची एक वेल. आपली माणसं जगात कुठेही जाऊ देत, रिकाम्या बाटलीत मनी प्लांट लावणारच!

‘बाबांनी हेच केलं असतं,’ ती म्हणाली. ‘वाइन त्यांना आवडलीच नसती गं. त्यांनी बाटली धुऊन घेतली असती.’ आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा मला ती हॉस्टेलमधली रूमी दिसली.

मी तिकडून येताना एकच बाटली आणली. १९९६ची नव्हे, ती परवडणारही नव्हती. तीच साधी बोजोले, २०२४ची. घरी सांगलीला गेले तर आईने बाटली बघितली आणि म्हणाली, ‘शोकेसमध्ये ठेव. कुणी आलं की काढू.’

‘आजच काढू.’

‘आज मंगळवार आहे.’

म्हणून बुधवारी काढली. वाइनचे ग्लास घरात नाहीत, सरबताचे काढले. आईने फक्त वास घेतला. बाबा द्राक्षाच्या गावचे, त्यांचा पहिला प्रश्न टेक्निकल. ‘द्राक्षाचीच ना? मग गोड का नाही?’ मी सांगितलं, साखर यीस्ट खाऊन टाकतं, तिचंच अल्कोहोल होतं. बाबांनी मान हलवली. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

‘औषधासारखं लागतंय.’

मग टीव्हीचा आवाज कमी केला आणि ग्लास पुढे केला.

‘थोडी अजून दे.’

—

तुमच्या ग्रुपला करून बघायचंय?

• सहा-सात जण पुरेत. एका बाटलीत सगळ्यांचं टेस्टिंग होतं, प्रत्येकाला चार-पाच घोट.

• जोडी लावताना गाव आणि द्राक्ष एकच ठेवा, साल बदला. तरच वयाचा फरक कळतो.

• बाटल्या झाका. आधी व्हाइट, मग हलकी रेड, मग जड रेड. ग्लास एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

• शब्द उधार आणू नका. तुरट, आंबट, मनुका, ओली माती. मराठीत सगळं आहे.

• जुनी वाइन उघडली की ताटकळत ठेवू नका, ती ग्लासात लवकर उतरते. तरुण वाइनला मात्र हवा खाऊ द्या.

• थुंकायला लाजू नका, आणि घरी जायला टॅक्सी करा.

• घरात ‘खास दिवसासाठी’ ठेवलेली एखादी साधी बाटली असेल, तर या शनिवारी उघडा. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेली असते.